अक्का मागं बसली की गाडी खोकते

मामंजी, तुमच्या घरात मी सून म्हणून आले तेव्हापासून तुम्ही जाईपर्यंत मी तुमच्याशी एक अक्षर बोलले नाही. सुनेनं सासऱ्यापुढं तोंड उघडायचं नाही, ही आपल्या घरची रीत. ती मी पाळली, म्हणजे तोंडानं पाळली. आता मात्र मी बोलणार आणि तुम्ही ऐकणार. उठून रानात निघून जायची सोय तुम्हाला राहिलेली नाही. विषय गाडीचा आहे. बैलांची नव्हे, पेट्रोलवर चालते ती, पांढरी, चार चाकांची. तुमच्या लेकानं सेकंडहँड घेतलेली. आणि ती चालवते मी. होय, मीच. मद्रासच्या रस्त्यावर, तुमची धाकटी सून, डोक्यावर पदर नाही, पाय अ‍ॅक्सिलेटरवर. ठसका लागला असेल तर आधी पाणी प्या, मी थांबते.

ठसक्यावरून तुमचा खोकला आठवला. आणि तो सांगितल्याशिवाय पुढचं तुम्हाला कळायचं नाही. बाहेरून आलात की तुम्ही ओसरीवर उभं राहून खाकरायचात, म्हणजे आम्ही बायकांनी पदर सावरायचा आणि आत सरकायचं. सगळ्या गावातले सासरे असंच करत असतील, पण तुमच्या खाकरण्याला भाषा होती. एकदाच आणि कोरडं खाकरलात तर पाणी हवं. लागोपाठ दोनदा म्हणजे बरोबर कुणीतरी आहे, चहा टाका. आणि घशाच्या तळातून खरवडून काढल्यासारखा लांबलचक आला की समजायचं, भावकीत काहीतरी वाजलंय, आज जेवताना कुणी बोलू नका. आत्याबाईंनी तुमच्याबरोबर सगळा संसार केला, पण त्यांना हे प्रकार ओळखता यायचे नाहीत. त्या चहाच्या वेळी पाणी पाठवायच्या आणि मग तुम्ही पुन्हा खाकरायचात. मी पहिल्या दिवाळीपर्यंत सगळं पाठ केलं. चौथीत पाढे पाठ झाले नव्हते, पण हे झालं.

आणि पाठ झालं की म्हणून दाखवावंसं वाटतंच. एकदा दुपारी आत्याबाई आणि थोरल्या जाऊबाई माजघरात भुईमुगाच्या शेंगा फोडत कुणाचीतरी उणीदुणी काढत बसल्या होत्या. मी परसदारी गेले आणि तुमच्यासारखी खाकरले, तो तिसरा, लांबलचक प्रकार. आत काय धांदल उडाली म्हणून सांगू. आत्याबाईंनी मूठभर शेंगा आमटीत टाकल्या. जाऊबाई पदर घ्यायच्या नादात दोरीवरचं धोतर डोक्यावर घेऊन बसल्या. त्यानंतर मला ती खोडच लागली. मग एक दिवस मी गोठ्याच्या भिंतीआड उभी राहून घसा साफ करत होते, खाकरले, आणि मागं वळून बघते तर तुम्ही. हातात वासराची दोरी. तुम्ही माझ्याकडं बघितलंच नाही. वासराकडं बघितलंत आणि वासराला म्हणालात, "तिला सांग रे बाबा, शेवटी आवाज खाली सोडायचा असतो. वर नेला की आमचा थोरला वाटतो." आणि वासराला घेऊन चालते झालात. वासरानं निरोप काही दिला नाही, पण मी शेवट खाली सोडायला शिकले. घरात हे कुणालाच कळलं नाही. तुमच्या लेकालाही नाही.

तर तुमचा लेक. नोकरीच्या शेवटी शेवटी त्याची इकडच्या सरकारी कारखान्यात बदली झाली. निवृत्त झाल्यावर परत गावाकडं जायचं म्हणत म्हणत आम्ही इथंच मद्रासच्या अंबत्तूरला घर घेतलं, कारण नातवाला तुमच्या, म्हणजे माझ्या पोराला, इथल्याच मोटारीच्या कंपनीत नोकरी लागली. मग ह्यांनी ही गाडी घेतली आणि रविवारी सकाळी कारखान्यामागच्या मोकळ्या मैदानात मला शिकवायला लागले. मी म्हणलं, मला कशाला? तर म्हणाले, तू शेजारी बसून नुसती बडबडतेस, त्यापेक्षा चालव, म्हणजे तोंड बंद राहील. तोंड काही बंद राहिलं नाही, पण गाडी चालायला लागली. लायसन मिळालं आणि थोड्याच दिवसांत हे गेले. झोपेत गेले, सकाळी उठलेच नाहीत. घरात सगळी रडारड, आणि दारात गाडी उभी. दिवस झाल्यावर पोरगं म्हणालं, ही आता कोण चालवणार? मी म्हणलं, शिकवलेलं पाण्यात घालू का?

तेव्हापासून मी चालवते. भाजीला, दवाखान्यात, आणि दर शुक्रवारी मैलापूरच्या देवळाकडं. मैलापूरला का, तर अक्कासाठी. अक्का म्हणजे आमची शेजारीण, माझ्याहून दहाबारा वर्षांनी मोठी. ती तंजावरकडची मराठी. तिचे वाडवडील राजाबरोबर इकडं आले ते इथलेच झाले, पण घरात अजून मराठीच बोलतात. मराठी म्हणजे अशी की पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला वाटलं पोथी वाचतेय. आणि पोथीत मध्येच तमिळ. हे गेले तेव्हा तिनं येऊन माझा हात धरला आणि म्हणाली, "रडूं नकोस गो, मी आहें." त्या अनुस्वारानंच मी जास्त रडले. देह मात्र अक्काचा भरभक्कम. पुढच्या सीटवर ती मावते, पण तिथं समोरून येणाऱ्या बस दिसतात म्हणून बसत नाही. मागं मधोमध बसते, देवीसारखी, मांडीवर फुलांची परडी. ती देवळात जाते, मी बाहेर गाडीपाशी मोगऱ्याचा वास घेत आणि येणाऱ्या जाणाऱ्यांना बघत उभी राहते. गजरा मी घालत नाही, पण वास घ्यायला कोण अडवतंय? मामंजी, आधी तुमच्या चुलीपुढं, मग ह्यांच्या गॅसपुढं, आणि आता पोराच्या मायक्रोवेव्हपुढं, असा माझा प्रवास. त्यात शुक्रवारची ही गाडी तेवढी माझी. कुठून जायचं, कुठं थांबायचं, कुणाला ओव्हरटेक करायचं, हे मला कुणी सांगत नाही.

आणि अशात एका शुक्रवारी गाडी खोकली. दुसरा गिअर टाकला, अ‍ॅक्सिलेटर दाबला, तर खालून आवाज आला, "खक्", आणि पाठोपाठ "खर्र्र्र". पाय उचलला की गप्प. परत दाबला की "खक्, खर्र्र्र". मला तुमचीच आठवण आली, तिसरा प्रकार. अक्का मागून म्हणाली, "बंडीस पडसें झालें कां?" गाडीला ती बंडी म्हणते. घरी येऊन पोराला सांगितलं. तो मोटारीच्या कंपनीतला इंजिनियर, पण त्याचं काम कॉम्प्युटरवर. तो गाडी घेऊन चक्कर मारून आला आणि म्हणाला, काही आवाज नाही. मी म्हणलं, आहे. जेवताना मी त्याला आवाज काढून दाखवला, अगदी हुबेहूब. तो उठला आणि खोकल्याचं औषध घेऊन आला.

दर शुक्रवारी आवाज, आणि पोरगं चालवायला बसलं की शुकशुकाट. दोनदा तीनदा असं झाल्यावर त्याच्या चेहऱ्यावर ती काळजी आली, आईवडील म्हातारे झाले की पोरांच्या तोंडावर येते ती. एक दिवस हळूच म्हणाला, आई, आवाज असेल तर गाडी धोक्याची, आणि नसेल तर तुझे कान. दोन्हीत गाडी काढलेलीच बरी. ऑफिसातल्या एकाच्या ओळखीचं गिऱ्हाईक आहे, रविवारी बघायला येतंय. तू आणि अक्का रिक्षानं जात जा, मी रिक्षावाला ठरवून देतो. लेकरू वाईट नाही, बापासारखंच आहे, प्रेमानं गळा दाबतं. त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. गाडी गेली की मी परत घरात, आणि घरातून बाहेर पडायला कुणाला तरी विचारायचं. आता ह्या वयात मी कुणाला आणि का विचारू?

म्हणून शनिवारी मी अक्काला घेतलं आणि तांबरमच्या रस्त्यावर तिच्या भाच्याच्या ओळखीचा एक मेकॅनिक होता, त्याच्याकडं गेले. अक्का दुभाषी म्हणून. माझं तमिळ बाजारातलं, दोडका, वांगी आणि भाव, त्याच्यापुढं गाडी अडते. मेकॅनिक माझ्याच वयाचा, पांढऱ्या मिशांचा, कपाळाला विभूती. त्यानं अक्काला विचारलं, कसला सत्तम? इथं आवाजाला सत्तम म्हणतात. अक्कानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणलं, हे भाषांतर करायची गरज नाही, आणि आवाज काढून दाखवला. मेकॅनिकनं डोळे मिटले. मग त्यानं स्वतः काढला, "डर्र्र?" मी म्हणलं, नाही, "खर्र्र". तो म्हणाला, "कर्र्र?" मी म्हणलं, नाही हो, घशातून. आम्ही दोघं भर दुपारी गॅरेजात एकमेकांकडं बघून घसे खरवडत होतो आणि अक्का मध्ये उभी राहून फुलांची परडी हलवत होती. शेवटी त्याला जमला. आजवर माझ्यासमोर एवढं मन लावून खोकलेला पुरुष तुमच्यानंतर हाच.

मग तो गाडी चालवून आला. आवाज नाही. माझ्याकडं असं बघितलं, जसं पोरगं बघायचं. मी म्हणलं, मी चालवते, तुम्ही मागून चालत या आणि ऐका. अक्का पायात गोळे आले म्हणून मागं बसली. मी गाडी काढली, गॅरेजपुढच्या मोकळ्या जागेत दुसरा टाकला, पाय दाबला, आणि आला. माझा आनंद काय सांगू. खिडकीतून डोकं बाहेर काढून मी म्हणलं, "वा वा!" आणि मेकॅनिक ऐकायचं सोडून पळत माझ्या खिडकीपाशी. मी गाडी थांबवली, म्हणलं काय झालं? तो धापा टाकत घाम पुसायला लागला. परत त्याला मागं पाठवला, परत गोल काढला, परत आवाज, परत माझ्या तोंडून "वा वा!", आणि परत हा खिडकीपाशी. तिसऱ्यांदा त्याचा चेहरा लाल झाला होता. तेव्हा अक्का मागून म्हणाली, "त्यांस कुत्र्यासारखें कां हांक मारतेस गो?"

वा म्हणजे ये. तेही बरोबरीच्याला किंवा पोराला. मोठ्या माणसाला वांग म्हणायचं, म्हणजे या. हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण आनंद झाला की माझी जीभ गावाकडं पळते. अक्कानं त्याला समजावलं की आमच्यात वा म्हणजे शाबास. त्यानं विचारलं, कुणाला शाबास? मी म्हणलं, गाडीला, खोकल्याबद्दल. तेव्हा पहिल्यांदा त्याच्या मिशा हलल्या.

पण आवाज त्याला पुरता ऐकूच आला नव्हता. म्हणून अक्काला सावलीत खुर्ची दिली, तो स्वतः बसला, मला शेजारी बसवलं. आवाज गायब. अक्का परत बसली, आवाज हजर. मामंजी, माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी लगेच मान खाली घातली. मेकॅनिकच्याही पडला असणार, कारण तो एकदम आपल्या पान्यांकडं बघायला लागला. आता हे अक्काला सांगायचं कुणी? आणि सांगायचं तर तिच्याच तोंडून, कारण दुभाषी तीच. मी म्हणलं, अक्का, त्यांना विचार, गाडीत वजन जास्त झालं तर आवाज येतो का? अक्कानं विचारलं. मेकॅनिक बराच वेळ बोलला. अक्कानं ऐकलं, आणि त्याचं भाषांतर करायचं सोडून आम्हा दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. मग म्हणाली, "मी उतरलें कीं बंडी बरी होते. म्हणजे रोग मीच कीं?"

मग अक्काच हसायला लागली. ती हसायला लागली की सगळी हसते, खांदे, पोट, परडीतली फुलं. तिच्याबरोबर मी, आणि मग मेकॅनिक, तोंडावर फडकं धरून. त्यानं गाडी गॅरेजातल्या खड्ड्यावर घेतली आणि अक्काला हात जोडून सांगितलं, तुम्ही बसूनच राहा, तुम्ही उतरलात तर मला काही दिसायचं नाही. अक्का रथात बसल्यासारखी बसली, मला खिडकीतून प्रसादाचा लाडू दिला. तो खड्ड्यात उतरला आणि खालून बोलला, अक्कानं मराठी केलं. सायलेन्सरचा पाइप रबराच्या कड्यांवर टांगलेला असतो. त्यातलं एक कडं तुटून पाइप खाली लोंबला होता. मागं वजन बसलं आणि वर पाय दाबला की गाडीची शेपटी खाली बसते आणि तो पाइप आसाला घासतो. एवढंच. नवीन रबर घातलं, पाइप वर घेतला, वरचा पत्रा सैल होता तो आवळला. मग खड्ड्यातून नुसतं डोकं बाहेर काढून माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "वा?" मी म्हणलं, "वांग." अक्काला घेऊन गोल काढला. गाडी अशी चालली की जणू तिला घसाच नाही.

घरी जाताना मी गात गेले. पोराला दाखवलं, अक्काला बसवून दाखवलं. तो खूश झाला. खूश झाला आणि म्हणाला, बरं झालं, आता गिऱ्हाईकाला सांगायला संकोच नाही. मी खाली बसले. मी दिवसभर उन्हात उभं राहून काय केलं होतं, तर गाडी विकायजोगी करून ठेवली होती.

रविवारी गिऱ्हाईक आलं. चाळिशीचा गृहस्थ, बोलायला गोड. त्यानं दारं उघडून बघितली, बॉनेट उघडून बघितलं, मग चालवून बघतो म्हणाला. पोरगं त्याच्या शेजारी बसलं. मी म्हणलं, आम्ही पण येतो, अक्काला दुकानात जायचंय. अक्काला कुठंच जायचं नव्हतं, पण ती बसली. गाडी निघाली. दुसरा गिअर, पाय दाबला, गाडी लोण्यासारखी. गिऱ्हाईक मान डोलवायला लागलं. पोराच्या मानेवरूनसुद्धा मला कळत होतं की व्यवहार झाला. तेव्हा मी पदर तोंडापुढं घेतला, आणि त्यानं पुन्हा पाय दाबल्याबरोबर बारीक, घशातून, "खक्, खर्र्र्र". शेवट खाली सोडून. गृहस्थानं पाय उचलला. मी गप्प. दाबला, मी परत. त्यानं कान टवकारले. अक्कानं आधी माझ्याकडं बघितलं, मग खिडकीबाहेर, आणि तिचे खांदे हलायला लागले. गाडी बाजूला घेऊन त्यानं खाली वाकून बघितलं, चाकांना लाथ मारून बघितली, आणि माझ्या पोराला इंग्रजीत विचारलं, हा आवाज कसला?

पोरगं मागं वळलं. ज्या माणसाला मी इतके आठवडे जेवताना हाच आवाज काढून दाखवत होते, तो हा. मी पदरातून त्याच्याकडं बघितलं. त्यानं माझा पदर बघितला, अक्काचे हलणारे खांदे बघितले आणि गिऱ्हाईकाला म्हणाला की हा जुना रोग आहे, जात नाही, मी तुम्हाला फसवणार नाही. गृहस्थानं त्याचा हात हातात घेऊन आभार मानले, असा प्रामाणिक माणूस हल्ली मिळत नाही म्हणाला, आणि कोपऱ्यावरून रिक्षा करून गेला. आम्ही घरी आलो. दारात किल्ली माझ्या हातात देत पोरगं म्हणालं, "आई, घसा बसला असेल. पाणी गरम करू?"

गाडी राहिली. शुक्रवारी आम्ही मैलापूरला गेलो आणि अक्कानं मागून नवस फेडायची यादी वाचून दाखवली, त्यात तिनं तुमच्या नातवासाठी पण एक नारळ ठेवला होता.

हे पत्र कुठं टाकायचं ते मला ठाऊक नाही. गाडीच्या ऑइलची पट्टी पुसायला कागद लागतोच, त्याला होईल. पण त्याआधी एक सांगते. तुम्ही सुनेशी बोलत नाही, आणि आता तर वासराशीही बोलायची सोय नाही, म्हणून तुम्हालाच सांगते. रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी पोरगं माझी गाडी अंगणातून मागं काढतं, वळवतं, आणि तोंड रस्त्याकडं करून ठेवतं. त्याला वाटतं, आपण आईची सेवा करतो. मी पण म्हणते, बरं केलंस रे. मैलापूरला मी देवळापासून लांब, जिथून सरळ निघता येईल अशाच जागी गाडी लावते, आणि अक्काला वाटतं मला चालायला आवडतं. मामंजी, मला गाडी मागं घेता येत नाही. लायसनवाल्या साहेबांनी पुढंच न्यायला लावली, आणि तुमचा लेक म्हणाला होता, रिव्हर्स पुढच्या रविवारी शिकवतो.